थव्याला पुढारी नसतो

दिवाळीच्या आसपास धान पिवळं पडू लागलं की चंद्रपूर जिल्ह्याच्या पोंभुर्णा तालुक्यातल्या बांध्यांमध्ये पाखरांची राखण सुरू होते. कुणी रिकामा डबा बडवतो, कुणी जुन्या साडीची पट्टी बांबूला बांधतो, कुणाच्या हातात अजूनही गोफण असते. लोंब्यांवर बसणारी ठिपकेवाली मुनिया चिमणीहूनही लहान. उभ्या धानात ती दिसत नाही, नुसती वाकलेली लोंबी दिसते. डबा वाजला की शे-दीडशे मुनिया एकदम वर येतात, एका अंगाला कलतात, वळताना सगळ्यांची फिकट पोटं एकदाच चमकतात, आणि अख्खा थवा बांधीवरून अर्धी फेरी मारून पलीकडच्या धुऱ्याआड उतरतो. सगळा खेळ काही सेकंदांचा.

राखणदाराला विचारा, तो सांगेल, ‘एक पाखरू उठलं का सारेच उठते जी.’ उत्तर चुकीचं नाही, पण त्यातून पुढचे प्रश्न निघतात. ते एक पाखरू कोणतं? ते आधीच ठरलेलं असतं का? पहिलं उठल्याचं शंभराव्याला कळतं कसं? आणि इतक्या दाटीत, इतक्या वेगात ती एकमेकांवर आदळत कशी नाहीत?

आपल्याकडे चार माणसं जमली तरी एक पुढारी लागतो, त्यामुळे थव्यातही कुणीतरी मुखत्यार असणार असं वाटणं साहजिक आहे. पण पाहत राहिलं की ही कल्पना टिकत नाही. थवा वळला की पुढे असलेली पाखरं बाजूला जातात, बाजूची पुढे येतात. नेतृत्व करायचं तर त्या पाखराला सतत पुढे राहावं लागेल, आणि तसं कुणीच राहत नाही. एडमंड सेलूस या इंग्रज पक्षीनिरीक्षकाने आयुष्यभर थवे पाहिले, त्यालाही पुढारी सापडला नाही. शेवटी 1931 मध्ये त्याने एक पुस्तकच लिहिलं आणि त्यात पक्ष्यांमध्ये विचार थेट एका मनातून दुसऱ्या मनात जात असावेत, अशी शंका मांडली. आज आपल्याला त्याचं हसू येईल. पण त्याच्याकडे वेगवान कॅमेरा नव्हता, आणि डोळ्याला जे दिसतं ते खरोखरच मनकवडेपणासारखं असतं.

कॅमेरा आल्यावर चित्र पालटलं. 1984 मध्ये वेन पॉट्स या अमेरिकन अभ्यासकाने समुद्रकाठच्या डनलिन नावाच्या लहान पाणपक्ष्यांच्या थव्यांचं चित्रीकरण एकेक चौकट थांबवून तपासलं. दोन गोष्टी दिसल्या. वळण कुठूनही, कोणत्याही पक्ष्यापासून सुरू होऊ शकतं. मात्र थव्याच्या आतल्या बाजूला कललेल्या पक्ष्याच्या मागेच बाकीचे जातात, बाहेरच्या बाजूला वळलेल्याच्या मागे सहसा कुणी जात नाही. दुसरी गोष्ट वेगाची. वळणाची लाट एका पक्ष्याकडून शेजारच्याकडे सरासरी 15 मिलिसेकंदांत पोचत होती, तर प्रयोगशाळेत एकट्या डनलिनला दचकून प्रतिसाद द्यायला सुमारे 38 मिलिसेकंद लागत होते. म्हणजे पक्षी नुसत्या लगतच्या शेजाऱ्याची वाट पाहत नसावा. लांबून येणारी लाट त्याला आधीच दिसते आणि आपली वेळ तो साधून ठेवतो, असा पॉट्सचा निष्कर्ष होता.

पुढचं पाऊल पक्षीतज्ज्ञांनी टाकलं नाही, ते संगणकावर काम करणाऱ्या माणसाने टाकलं. क्रेग रेनॉल्ड्सला पडद्यावर खरा वाटणारा थवा उडवायचा होता. प्रत्येक पाखराचा मार्ग हाताने आखायचा तर जन्म पुरला नसता. म्हणून 1986 मध्ये त्याने संगणकातल्या प्रत्येक पाखराला तीनच सूचना दिल्या. शेजारी फार जवळ आला तर बाजूला सर. शेजारी ज्या दिशेने आणि वेगाने जात आहेत, तशीच आपली दिशा आणि वेग ठेव. आणि शेजाऱ्यांच्या घोळक्याच्या मध्याकडे थोडा सरकत राहा. थवा म्हणजे काय, तो कुठे चालला आहे, त्यात किती जण आहेत, यातलं काहीही त्या पाखराला सांगितलेलं नव्हतं. पडद्यावर थवा उडाला, अडथळा आला तेव्हा दुभंगला आणि पलीकडे पुन्हा एक झाला. 1992 च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’ चित्रपटातली वटवाघळं याच पद्धतीने उडवलेली आहेत.

महाशिवरात्रीला वैनगंगेपलीकडे मार्कंड्याच्या जत्रेत गेलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये. गर्दीच्या मध्यभागी सापडलेल्या माणसाला देऊळ दिसत नाही, नदी दिसत नाही. त्याला दिसतात पुढच्याची पाठ आणि दोन्हीकडचे खांदे. पुढची पाठ हलली की तो हलतो, बाजूचा खांदा रेटला की सरकतो. त्याने कसलाही आराखडा केलेला नसतो, तरी वरून पाहणाऱ्याला गर्दीत प्रवाह दिसतात, भोवरे दिसतात, मध्येच वाटा पडलेल्या दिसतात. ते आकार गर्दीचे असतात, गर्दीतल्या कुठल्याही एका माणसाचे नसतात. अशा गोष्टींना शास्त्रात जटिल प्रणाली म्हणतात: भाग पुष्कळ, प्रत्येकाचा नियम साधा आणि जवळपुरता, पण सगळे मिळून जे करतात ते एका भागाकडे कितीही निरखून पाहिलं तरी आधी ओळखता येत नाही.

पण पडद्यावर खरं वाटलं म्हणजे खरं झालं असं नाही. सिनेमावाल्यांचं तेवढ्यावर भागतं, शास्त्रज्ञांचं भागत नाही. 1995 मध्ये हंगेरीचा भौतिकशास्त्रज्ञ तमाश विचेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा मामला अगदी हाडापर्यंत सोलला. त्यांनी एकच नियम ठेवला: प्रत्येक कण आसपासच्या कणांची सरासरी दिशा घेतो, पण ती घेताना थोडी चूक करतो. चूक किती करायची आणि दाटी किती ठेवायची, एवढी दोनच बटणं. चूक जास्त आणि दाटी कमी असेल तर सगळे वाट फुटेल तिकडे. दाटी वाढवत नेली किंवा चूक कमी करत आणली तर एका टप्प्यावर गोंधळ मोडतो आणि सगळे एका दिशेला लागतात. कोणती दिशा, हे आधी सांगता येत नाही.

यात भौतिकशास्त्रज्ञांना चक्रावणारी एक गोष्ट होती. सपाट पृष्ठभागावर जागच्या जागी फिरू शकणारे बाण मांडले आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या दिशेने तोंड करायला सांगितलं, तर थोड्याशा चुकीनेही दूरदूरचे बाण हळूहळू वेगळीकडे भरकटतात. सगळ्या मैदानभर एकच दिशा टिकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. मग विचेकचे कण कसे एकजूट राहतात? जॉन टोनर आणि युहाई टू यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. बाण जागचे हलत नाहीत, पाखरं हलतात. हलता हलता शेजारी बदलत राहतात आणि एका कोपऱ्यातली खबर पाखरं स्वतःच दुसऱ्या कोपऱ्यात वाहून नेतात. स्थिर शेजाऱ्यांना जी एकी जमत नाही, ती चालत्या शेजाऱ्यांना जमते.

दाटीचा तो उंबरठा कल्पनेतला नाही. 2006 मध्ये वाळवंटी टोळाची पिल्लं गोल रिंगणात सोडून केलेल्या प्रयोगात तो दिसला: थोडी असताना ती इकडेतिकडे भटकत, संख्या वाढली की एकाएकी सगळी एकाच दिशेने रिंगणाला फेऱ्या मारू लागत. मे 2020 मध्ये अमरावती, नागपूर, भंडाऱ्याकडे टोळधाड आली तेव्हा लोकांनी पाहिलं ते याच हिशेबाचं मोठं रूप.

आता खऱ्या पक्ष्यांकडे येऊ, कारण इथली मेहनत मला सगळ्यात मोलाची वाटते. रोम शहरात हिवाळ्याच्या संध्याकाळी स्टार्लिंग पक्षी हजारोंनी मुक्कामाला येतात. स्टार्लिंग हा आपल्या मैनेच्या कुळातला, काळा, ठिपकेदार पक्षी. आंद्रेया काव्हान्या, इरेने जार्दिना आणि जॉर्जो पारिसी यांच्या गटाने तिथल्या मुख्य रेल्वे स्थानकासमोरच्या एका संग्रहालयाच्या छतावर एकाच क्षणी टिपणारे कॅमेरे लावले, त्यातले दोन एकमेकांपासून 25 मीटरवर. आपले दोन डोळे जसं अंतर ओळखतात, तसंच दोन जागांहून घेतलेल्या चित्रांवरून प्रत्येक पक्षी हवेत नेमका कुठे आहे हे काढायचं होतं. ऐकायला सोपं आहे. पण एका चित्रात दोन हजार काळे ठिपके, दुसऱ्यातही दोन हजार, आणि सगळे सारखे. यातला कोणता ठिपका त्यातला कोणता, हे जुळवण्यातच सगळं घोडं अडलेलं होतं. त्याआधी मोजले गेलेले थवे फार तर काही डझन पक्ष्यांचे होते. या गटाने हजारो पक्ष्यांच्या थव्यात एकेक पक्षी ओळखून दाखवला.

मोजमाप हाती आल्यावर पहिल्यांदा कळलं की खालून गोळ्यासारखा दिसणारा थवा खरं तर चपटा असतो. कडेला पाखरं दाट, मध्ये विरळ. कडेची पाखरं शिकाऱ्याच्या तोंडाशी असतात, म्हणून ती आत रेटत राहत असावीत. प्रत्येक पक्ष्याचा सर्वात जवळचा शेजारी बहुतेक वेळा बाजूला असतो, थेट पुढे किंवा मागे सहसा नसतो. पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात हे आठवलं की त्यात नवल वाटत नाही.

आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला मुख्य निष्कर्ष. तोवर सगळे धरून चालले होते की पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे पाहत असेल, म्हणजे समजा दोन मीटरच्या आतले सगळे. तसं असतं तर दाट थव्यात प्रत्येकाला पुष्कळ शेजारी सांभाळावे लागले असते आणि विरळ थव्यात अगदी थोडे. मोजणीत तसं दिसलं नाही. थवा दाट असो वा विरळ, प्रत्येक पक्ष्यावर परिणाम होतो तो जवळच्या सहा-सात जणांचाच, मग ते अर्ध्या मीटरवर असोत की दोन मीटरवर. पक्षी अंतर मोजत नाही, माणसं मोजतो म्हणा ना.

हा फरक किरकोळ वाटेल, पण पाखराचा जीव त्यावर अवलंबून आहे. बहिरी ससाणा थव्यात घुसला की थवा ताणला जातो, पाखरांमधलं अंतर एकदम वाढतं. अंतराचा नियम असता तर त्या क्षणी कित्येक पाखरांना ‘शेजारी’ म्हणावं असं कुणीच उरलं नसतं, आणि एकटं पडलेलं पाखरू हेच ससाण्याचं सोपं भक्ष्य. आकड्याचा नियम असल्यामुळे थवा कितीही ताणला तरी धागा तुटत नाही. मग सहा-सातच का? 2013 मध्ये प्रिन्स्टनच्या नेओमी लिओनार्ड यांनी रोमच्या गटाबरोबर हिशेब मांडला. जास्त शेजाऱ्यांवर नजर ठेवायची तर कष्ट वाढतात, कमी ठेवली तर चुकीच्या खबरीने थवा भरकटतो. कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त एकमत टिकण्याचा सौदा सहा-सातच्या आसपासच पटतो.

राहिला शंभराव्या पाखराचा प्रश्न. 2010 मध्ये याच गटाने दाखवलं की थव्यात एका पक्ष्याने किंचित दिशा बदलली तर तिचा प्रभाव ठरावीक लांबीवर विझत नाही. थवा लहान असेल तर लहान अंतरापर्यंत, मोठा असेल तर त्या मानाने मोठ्या अंतरापर्यंत तो पोचतो. 2014 मध्ये त्यांनी लाटेचा वेगच मोजला. वळण काही मोजक्या पक्ष्यांपासून सुरू होतं आणि सेकंदाला 20 ते 40 मीटर वेगाने सगळीकडे जातं. चारशे पक्ष्यांचा थवा अर्ध्या सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात पूर्ण वळतो. साधी नक्कल असती तर पाण्यात पडलेल्या शाईसारखी खबर पसरता पसरता फिकी झाली असती. इथे ती न विझता, एकाच वेगाने जाते, कारण पक्षी शेजाऱ्याची नुसती दिशा पाहत नाही, तो किती झपाट्याने वळतो आहे हेही धरतो. याचं समीकरण अतिथंड, घर्षणरहित वाहणाऱ्या द्रवरूप हेलियमच्या समीकरणाशी जुळतं, हे वाचून मी पान खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

पारिसींना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा बऱ्याच बातम्यांत पक्ष्यांचे फोटो छापून आले. ते थोडं दिशाभूल करणारं होतं. पारितोषिक अव्यवस्थित, जटिल पदार्थांमागचे नियम उलगडल्याबद्दल होतं. स्टार्लिंग हे त्या विचाराचं नंतरचं, देखणं अपत्य.

या विषयात आपला देशही मागे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीराम रामस्वामी आणि त्यांचे सहकारी स्वतः चालणाऱ्या वस्तूंच्या भौतिकीवर दीर्घकाळ काम करत आले आहेत. 2014 मध्ये तिथे एक गमतीचा प्रयोग झाला. एका टोकाला निमुळत्या, काही मिलिमीटर लांबीच्या पितळी कांड्या बारीक मण्यांच्या थरात टाकल्या आणि खालची पाटी थरथरवली. निमुळत्या आकारामुळे कांडी एका दिशेला सरकते. कांड्या थोड्या आणि एकमेकींपासून लांब होत्या, तरीही त्या एका दिशेला वाहू लागल्या, कारण कांडी मणी ढकलते आणि मणी दुसरी कांडी वळवतात. डोळे नाहीत, मेंदू नाही, भीती नाही, तरी थवा. त्याच संस्थेत विश्वेश गुट्टल यांच्या गटाने 2020 मध्ये माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकाल आणखी वेगळा आला: मासा बहुधा एका वेळी एकाच शेजाऱ्याची नक्कल करतो, आणि लहान गटात जो अपघाती गोंधळ असतो तोच गटाला एका दिशेला लावतो. चूक एकी मोडते हे विचेकने दाखवलं होतं; इथे चुकीनेच एकी घडवली.

म्हणून ‘सहा-सात’ हा आकडा सगळ्या पाखरांना सरसकट लावू नये. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जॅकडॉ या कावळ्याच्या भाऊबंदांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की मुक्कामाला जाताना ते ठरावीक संख्येच्या शेजाऱ्यांकडे पाहतात, पण शत्रूवर तुटून पडायला जमतात तेव्हा ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे. पक्षी बदलतो, प्रसंग बदलतो, तसा नियमही बदलतो. आणि तलावावरून रांगेत जाणारे बगळे किंवा बाणासारखे उडणारे बदकांचे थवे हा प्रकारच निराळा. तिथे पुढच्याच्या पंखाच्या टोकामागून वर उठणाऱ्या हवेचा आधार मागचा घेतो. मुनियांचा गोळा आणि बगळ्यांची रांग यांना एकाच सूत्रात ओवायचा मोह टाळावा.

आपल्याकडे हे सगळं पाहायला उत्तम पक्षी म्हणजे पळसमैना. पश्चिम महाराष्ट्रात तिला भोरडी म्हणतात. ती रोमच्या स्टार्लिंगचीच भाऊबंद, गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची आणि शेंडीची. मध्य आशियाच्या गवताळ मुलखात अंडी घालते, पावसाळ्यातच भारतात उतरू लागते आणि एप्रिलपर्यंत परत फिरते. तिकडे टोळ आणि नाकतोडे हे तिचं मुख्य खाणं, इतकं की चीनच्या शिंज्यांग प्रांतात तिच्यासाठी मुद्दाम घरट्यांची सोय केली जाते. इकडे फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलले की मधासाठी तिचे थवे झाडांवर पडतात, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या झाडीवर उतरण्याआधी आकाशात वेटोळी घालतात. ताडोबातून येणारी अंधारी जिथे वैनगंगेला मिळते, त्या पोंभुर्ण्याच्या पट्ट्यात पळसाला तोटा नाही.

ही वेटोळी का घालतात, याचं पूर्ण उत्तर अजून यायचं आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 23 देशांतल्या सामान्य लोकांनी कळवलेल्या स्टार्लिंग थव्यांच्या तीन हजारांहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. जवळपास तीस टक्के नोंदींत शिकारी पक्षी हजर होता, आणि तो असताना थवा जास्त वेळ उडत राहिला. नोंदी करणारे लोक शास्त्रज्ञ नव्हते, हे लक्षात घ्या.

तेव्हा येत्या फाल्गुनात सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर किंवा पळसाच्या माळावर जाऊन उभं राहावं. मोबाईलमध्ये स्लो मोशन असेल तर थव्याचं वळण त्यात घ्यावं. वळण कोणत्या कडेपासून सुरू झालं हे घरी चौकट थांबवत पाहता येतं. मोजायला थव्याचा एक कोपरा धरावा, त्यातली पाखरं मोजावीत आणि तेवढे कोपरे किती होतील ते पाहावं. ठिकाण, तारीख, वेळ, अंदाजे संख्या आणि शिक्रा-ससाणा होता की नव्हता, या पाच गोष्टी लिहून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकाव्यात. तिथे खातं फुकट उघडतं. रोमच्या थव्यांचा हिशेब झाला आहे; पोंभुर्ण्याच्या थव्यांचा इथल्याच माणसांनी करायचा आहे.